स्नोसूटवरून बसेल का?

२०१२ साली न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी सरकारी हुकूम काढून हॅलोवीन पुढे ढकलला. ३१ ऑक्टोबरऐवजी ५ नोव्हेंबर, सोमवार. दोनच दिवसांपूर्वी सँडी वादळ अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्याला धडकलं होतं. लाखो घरांत वीज नव्हती, झाडं आडवी झाली होती, तारा लोंबत होत्या. अशा काळोखात पोरांनी मुखवटे घालून दारोदार हिंडू नये हे कोणालाही पटेल. मलाही पटलं. तरी मिनेसोटात, कापडाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभी राहून ती बातमी ऐकताना माझ्या मनात आलं, की हा हक्क गव्हर्नरला दिला कोणी?

नाताळची सुट्टी सरकार देतं, मतदानाची तारीख सरकार ठरवतं. हॅलोवीनला ना सुट्टी, ना पूजा, ना भटजी. चर्चने नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पक्का केला आणि त्याची आदली संध्याकाळ ती ही. पण चॉकलेटं मागत फिरणाऱ्या पोरांना त्या संतांचं सोयरसुतक नाही. मग तारीख हलवायची तर कोणाला विचारून?

मी मूळची चिपळूणची. शिवण तिथेच शिकले. लग्नानंतर इथे आले, मिनिआपोलिसच्या उत्तरेला कून रॅपिड्सला, आणि पोरगी शाळेत जायला लागल्यावर कापडाच्या दुकानात कामाला लागले. सप्टेंबर उजाडला की आमच्या दुकानात नारिंगी आणि काळ्या कापडाचे तागे पुढे यायचे, नमुन्यांच्या जाडजूड वह्या टेबलावर पसरायच्या, आणि बायका पानं उलटत बसायच्या. चेटकीण, सिंह, परी, भोपळा. चित्रातलं पोर नेहमी हिरवळीवर उभं असायचं, बाह्या उघड्या, पायांत पातळ चपला. ती चित्रं काढणारा माणूस मिनेसोटात कधी आला नसावा. आमच्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न रंगाचा किंवा किमतीचा नसे. प्रश्न एकच असे, स्नोसूटवरून, म्हणजे बर्फात घालायच्या जाड, अंगभर सूटवरून, बसेल का?

त्या प्रश्नात या सणाचा बराचसा इतिहास आहे असं मला वाटतं. आणि तो मी पुस्तकापेक्षा शिवणातून जास्त वाचला.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हे दिवस सुगी आटपून हिवाळा लागण्याचे. गुरं उंचावरच्या कुरणांतून खाली आणायची, जळण भरून ठेवायचं, आणि त्या सांध्यावरच्या रात्री मेलेली माणसं, भुतंखेतं जवळपास वावरतात अशी समजूत. कंद पोखरून त्यात दिवा ठेवायचा तोही तिकडचाच रिवाज. भोपळा नंतर आला, अमेरिकेत मुबलक पिकतो म्हणून. म्हणजे थंडी, वारा, लवकर पडणारा काळोख ही या सणाची मूळची सामग्री. त्या रात्री हवा वाईट निघाली म्हणून हळहळणं मला नेहमीच थोडं विनोदी वाटत आलंय. हवा वाईट व्हायला लागते म्हणून तर तो सण आहे.

तरीही शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बाईला ३१ ऑक्टोबरच्या हवेची फारशी फिकीर नव्हती. कारण तिचा हॅलोवीन घरात होत असे. पाण्याच्या घंगाळात तरंगणारी सफरचंदं दातांनी पकडायची, विस्तवात दाणे टाकून कोणाचं लग्न कोणाशी होणार ते बघायचं, भुताच्या गोष्टी सांगायच्या. मॅसॅच्युसेट्समधली डेनिसन ही कागदाच्या वस्तू करणारी कंपनी १९०९ सालापासून ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढायची. तिच्यात घर कसं सजवावं, खेळ कोणते घ्यावेत, पोशाख कसे करावेत हे सगळं असे. पोशाख कशाचे, तर क्रेप कागदाचे. साध्या मलमलीच्या झग्यावर कागदाच्या झालरी टाचायच्या, कमरेला कागदाचाच पट्टा, डोक्याला टोकदार टोपी. त्या पुस्तिकेतली चित्रं मी पाहिली आहेत आणि शिवणारी बाई म्हणून थक्क झाले आहे. काय चुणी घातली आहे कागदाला! पण क्रेप कागदावर पाण्याचा थेंब पडला की रंग खाली उतरतो, आणि कडाक्याच्या वाऱ्यात तो पोशाख कोपऱ्यापर्यंतही टिकणार नाही. तो बाहेर घालायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. त्या बायकांना भीती पावसाची नव्हती, मेणबत्तीची होती.

बाहेर असत ते मुलगे. त्यांचा हॅलोवीन म्हणजे खोड्या. फाटकं बिजागरीतून काढून नेणं, परसातले संडास उलथवणं, दुकानांच्या काचांना साबण फासणं. आमच्या शेजारचं गाव अनोका, रम नदी जिथे मिसिसिपीला मिळते तिथलं. तिथली गोष्ट अशी सांगतात, की एका हॅलोवीनला पोरांनी गुरं मोकळी सोडली आणि सकाळी लोक उठून बघतात तो मुख्य रस्त्यावर गाई हिंडताहेत. वैतागून जॉर्ज ग्रीन आणि गावातल्या इतर प्रतिष्ठितांनी १९२० साली ठरवलं, की पोरांना त्या रात्री दुसरं काहीतरी द्यावं. मिरवणूक काढली, शेकोटी केली, पॉपकॉर्न, शेंगदाणे, गोळ्या वाटल्या. सबंध गावाने मिळून केलेला अमेरिकेतला हा पहिलाच हॅलोवीन असं अनोकाचे लोक छातीठोक सांगतात. १९३७ साली हॅरल्ड ब्लेअर नावाचा बारा वर्षांचा पेपर टाकणारा पोरगा वॉशिंग्टनला गेला आणि अनोका ही हॅलोवीनची जगाची राजधानी आहे असा जाहीरनामा घेऊन गेला. त्याच्या अंगात हॅलोवीनचं चिन्ह असलेला स्वेटर होता. स्वेटरच. अनोकाचं पोर ते.

मिरवणूक तिथे अजून निघते. १९४२ आणि ४३ या युद्धाच्या दोन वर्षांत तेवढी ती निघाली नव्हती. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हा सण तोवर पोरांचा होता, रात्रीचा होता, कोणाच्या बापाचं त्यात चालत नव्हतं. अनोकासारख्या गावांत पहिल्यांदा तो चारचौघांच्या बैठकीत ठरायला लागला, आणि एकदा बैठक आली की वेळापत्रक येतंच. पुढे १९३८ साली आयोवातल्या डी मॉइन शहराने तर तारीखच बदलली. तिथेही पोरांचा धुडगूस फार झाला होता. शहराच्या क्रीडांगणांचं काम पाहणाऱ्या कॅथरीन क्रीग या बाईंनी मार्ग काढला, की पोरांनी आदल्या रात्री, ३० ऑक्टोबरला, घरोघर जावं आणि खाऊ मिळवण्यासाठी आधी काहीतरी करून दाखवावं. गाणं, नकला, किंवा विनोद. विनोद तेवढा टिकला. डी मॉइनमध्ये आजही पोरं दारात उभी राहून एक फुसका विनोद सांगतात आणि मग पिशवी पुढे करतात.

तेव्हा सण हलवण्याचा हक्क नगरपालिकांनी मिळवला तो पोरांच्या खोड्यांमुळे. हवामानाचा त्यात काही हात नव्हता.

हवामान शिरलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात साखर रेशनवर होती, ते रेशन १९४७ साली उठलं. शहरांबाहेर नव्या वसाहती झाल्या, एकासारखी एक घरं, प्रत्येक घरात दोन-तीन पोरं, आणि चालत जाता येईल असे रस्ते. दारोदार जाऊन खाऊ मागायची पद्धत आधीही इकडेतिकडे होती, पण ती देशभर रूढ झाली ती या वसाहतींत. आता रस्त्यावर कोण आलं? गुरं सोडणारे पंधरा वर्षांचे टोणगे नव्हेत. चार वर्षांची, पाच वर्षांची पोरं, आईचं बोट धरून. मुलगे भिजले तर भिजले, त्यांच्यासाठी कोणी छत्री शोधत नसे. पाच वर्षांची परी भिजली की घरात रडारड. माझ्या मते हॅलोवीनच्या वाईट हवेचा इतिहास खरा इथे सुरू होतो.

त्या परीच्या अंगात काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. ब्रुकलिनच्या बेन कूपर कंपनीचा खोक्यातला पोशाख. खोक्याला वरून पारदर्शक खिडकी, तिच्यातून प्लास्टिकचा मुखवटा बाहेर बघतोय, खाली घडी घातलेला पातळ झगा, मागे बांधायची नाडी. दुकानातून आणला, घातला, निघाले. शिवणाच्या दृष्टीने तो पोशाख म्हणजे काहीच नाही, पाठ उघडी असलेला एप्रन. कॅलिफोर्नियात चालत असेल. आमच्याकडे तो घातला की वरून कोट, आणि कोट घातला की सुपरमॅन झाकला गेला. मिनेसोटात वाढलेल्या साठीच्या कोणालाही विचारा, त्यांच्या हॅलोवीनच्या फोटोत एक कोट असतो आणि कोटावर एक मुखवटा. मुखवट्याचीही गंमत अशी, की थंडीत आतून श्वासाची वाफ जमते, हनुवटीशी पाणी साठतं आणि तासाभराने ते पाणी गार पडून गालाला चिकटतं.

म्हणून इथल्या आयांनी उलटा मार्ग काढला. कोट आत, पोशाख बाहेर. इथेच माझं काम सुरू व्हायचं. नमुन्यावर सहा वर्षांचं माप असेल तर आठ-दहाचं बेतायचं. छातीला घेर वाढवला की लोकांना वाटतं काम झालं, पण अडतं ते मुंढ्यात. स्नोसूटची बाही जाड, काखेत फुगलेली, आणि वरच्या पोशाखाचा मुंढा अरुंद राहिला की पोराचे हात बाहुलीसारखे आडवे होतात, पिशवी धरता येत नाही. मी मुंढा दोन बोटं खाली उतरवायला सांगायची आणि बगलेत चौकोनी तुकडा लावायला. गळा मागून कापून वेल्क्रो. पायाची उंची मात्र कमी, कारण खाली बर्फाचे बूट असतात आणि लांब झगा बुटाखाली आला की पोर पहिल्याच पायरीवर तोंडघशी. माया भरपूर ठेवा, हे मी प्रत्येकीला सांगत असे. ३१ तारखेला ऊन निघालंच तर आतला कोट काढून एका रात्रीपुरती धावदोऱ्याने चिमटी घालता येते. कमी असलेलं कापड मात्र कुठून आणणार?

सिंह, अस्वल, भोपळा हे आमचे भरवशाचे पोशाख. गोल, जाडे, आत काहीही मावतं. परी आणि राजकन्या म्हणजे संकट. स्नोसूटवर राजकन्येचा झगा घातलेलं पोर राजकन्या दिसत नाही, झगा घातलेला बंब दिसतो. पण मुलींना राजकन्याच व्हायचं असे, आणि दर वर्षी मी काउंटरवर आया आणि मुलींची तीच तहाची बोलणी ऐकत असे.

मधे १९८२ साल येऊन गेलं, मी इथे यायच्या थोडं आधी. त्या सप्टेंबरअखेर शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलांत कोणीतरी सायनाइड घातलं आणि सात माणसं गेली. महिन्याभरात हॅलोवीन. अनोळखी घरातून आलेली गोळी पोराच्या तोंडात कशी द्यायची? अनेक गावांनी त्या वर्षी दारोदार जाण्यावर बंदी घातली किंवा ते दिवसाउजेडी उरकायला सांगितलं. आजूबाजूच्या बायका मला त्या वर्षाबद्दल सांगायच्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात वाक्य असे, की महापौरांनी या वर्षी नको म्हणून सांगितलं. खोड्यांनी दिलेला हक्क भीतीने पक्का केला. आता हवामानाची पाळी यायची तेवढी राहिली होती.

पण १९९१ साली ती आली नाही, आणि तेच मला नवलाचं वाटतं.

१९९१चा हॅलोवीन गुरुवारी होता. आमच्या बेसबॉलच्या संघाने, मिनेसोटा ट्विन्सनी, रविवारी, २७ तारखेला, दहाव्या डावापर्यंत ताणलेला सामना जिंकून वर्ल्ड सिरीज मिळवली होती. सगळं राज्य वेडं झालं होतं. दुकानात फेल्टचे आकडे मागायला झुंबड, त्यातही ३ आणि ४, कारण त्यांच्या कर्बी पकेट या खेळाडूचा नंबर ३४. सोमवारपर्यंत आमच्याकडचं पांढरं फेल्ट संपलं. गुरुवारी सकाळी आकाश शिशासारखं होतं आणि दुपारी बर्फ पडायला लागलं. शाळा सुटेपर्यंत रस्ता पांढरा. माझी मुलगी त्या वर्षी मधमाशी होती. पिवळे-काळे पट्टे मीच जोडले होते, पंख हँगरच्या तारेचे, त्यावर जाळी. आत स्नोसूट. बेतलंच होतं तसं.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कोणी म्हणालं नाही, की हॅलोवीन उद्या करू. कोणी कोणाला फोन करून विचारलंही नाही. दारात दिवा लावला की पोरांनी यायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आम्ही निघालो. गुडघ्याइतकं नव्हतं अजून, पण घोट्याच्या वर होतं. पंखांच्या जाळीत बर्फ साठून मधमाशी मागे झुकायला लागली, ते मी दर दोन घरांनी झटकत होते. पोरं कमी, त्यामुळे लोक मुठी भरभरून देत होते. एका आजोबांनी तर अख्खा वाडगा तिच्या पिशवीत उलटा केला, म्हणाले, आता कोण येतंय! तिच्या वयाच्या माणसांना आजही विचारलं, की तुमचा सगळ्यात चांगला हॅलोवीन कोणता, तर मिनेसोटातले निम्मे लोक १९९१ म्हणतील. निम्मे हा माझा अंदाज, पण ऐकलेल्या गप्पांवर बेतलेला.

मध्यरात्रीपर्यंत विमानतळावर ८.२ इंच बर्फ मोजलं गेलं. मग ते थांबेचना. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेला कमी दाबाचा पट्टा ओलावा घेऊन सरळ उत्तरेला चढला होता आणि वरून कॅनडाची थंड हवा उतरली होती. रविवार, ३ नोव्हेंबरपर्यंत मिनिआपोलिस-सेंट पॉलमध्ये २८.४ इंच झालं आणि वर सुपीरियर सरोवराकाठी डुलुथला ३६.९ इंच, त्या वेळचा राज्याचा विक्रम. दक्षिणेकडे बर्फाऐवजी गारठलेला पाऊस पडला, विजेचे खांब काचेसारखे मोडले. शुक्रवारी शाळा बंद, ऑफिसं बंद. मागोमाग पारा शून्य फॅरेनहाइटच्या खाली. पायऱ्यांवर ठेवलेले भोपळे बर्फात गडप झाले आणि तिथेच दगड झाले.

त्याच दिवसांत अटलांटिकवर दुसरं वादळ घोंगावत होतं. ‘परफेक्ट स्टॉर्म’ म्हणून पुढे पुस्तक आणि सिनेमा निघाला ते. ‘अँड्रिया गेल’ ही मासेमारीची बोट सहा माणसांसह त्यात गेली, आणि मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या अध्यक्ष बुश यांच्या घराची लाटांनी दुर्दशा केली. तिकडे त्याला हॅलोवीनचं वादळ म्हणतात, इकडे आम्ही आमच्या बर्फाला हॅलोवीनचं वादळ म्हणतो. एकाच सणाच्या नावाने देशाच्या दोन भागांत दोन वेगळ्या आठवणी.

इथे मला आमचं कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. भर पावसात गणपती आणायचा म्हणजे मूर्तीवर प्लास्टिकचा कागद, डोक्यावर इरलं, बांधावरून घसरत घरी. चतुर्थीला पाऊस आहे म्हणून पंचमीला आणू, असं आमच्याकडे कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. १९९१ची आमची गल्ली तशीच होती. दिवस ठरलेला, हवा येईल तशी, बंदोबस्त ज्याचा त्याने आपल्या घरी करायचा. आयांनी तो कापडात केला.

त्यानंतर कापडही बदललं. मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन मिल्सने १९७९च्या सुमारास फ्लीस काढलं होतं. गिर्यारोहकांच्या जाकिटांतून ते हळूहळू आमच्या दुकानात ताग्यांनी आलं आणि नव्वदीत त्याने हॅलोवीन ताब्यात घेतला. हलकं, ऊबदार, कडेला दोरे सुटत नाहीत म्हणून दुमड घालायची गरज नाही, नवशिक्या आईलाही जमतं. फ्लीसचा डायनासोर म्हणजे आत स्नोसूट नसला तरी चालेल असा पहिला पोशाख. एकच खोट, पाऊस ते अडवत नाही. बर्फ झटकता येतो, पाऊस नाही. म्हणून माझ्या मते हॅलोवीनला बर्फापेक्षा पाऊस वाईट. पुठ्ठ्याच्या खोक्याला चांदीचा कागद लावून केलेला रोबो पावसात पाहिला आहे का? अर्ध्या तासात त्याचा लगदा होतो, आणि आतलं पोर हातात खोक्याचं झाकण घेऊन उभं असतं.

२०११ला गोष्ट वेगळी झाली. माझी नणंद कनेटिकटमध्ये. शनिवार, २९ ऑक्टोबरला तिच्याकडे बर्फ पडलं. आम्हाला सवयीचं वाटेल इतकंच, फूटभर. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातल्या पेरू या गावी मात्र ३२ इंच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात २.९ इंच, आणि तेवढंही तिथे ऑक्टोबरमध्ये पूर्वी कधी पडलं नव्हतं. मी तिला फोनवर म्हटलं, अगं बर्फच आहे ना! ती म्हणाली, वहिनी, झाडं पडताहेत. तिकडच्या मेपल आणि ओक वृक्षांवर अजून पानं होती. बर्फ ओला, जड. उघड्या फांद्यांवरून तो गळून पडला असता, पानांनी तो झेलून धरला. रात्रभर फांद्या मोडण्याचे आवाज, आणि मोडलेली प्रत्येक फांदी तारेवर. सगळ्या पट्ट्यात मिळून तीस लाखांहून जास्त जोडण्यांची वीज गेली, एकट्या कनेटिकटमध्ये आठ लाखांहून जास्त. दोनच महिन्यांपूर्वी आयरीन वादळाने तिथली वीज घालवली होती, भोपळ्यांचे मळेही बुडवले होते. नणंदेकडे आठवडाभर अंधार होता. सोमवारच्या हॅलोवीनला गावागावांतून निरोप गेले, की पोरांना बाहेर सोडू नका, पुढच्या शुक्रवारी बघू, शनिवारी बघू. तिच्या पोरांनी वाटायला आणलेला खाऊ विजेरीच्या उजेडात स्वतःच संपवला.

त्यात चूक काय होती? काहीच नाही. लोंबती तार फ्लीसला विचारत नाही. आईच्या शिवणाने थंडीचा बंदोबस्त होतो, विजेच्या तारेचा होत नाही. १९९१च्या आमच्या गल्लीत दिवे चालू होते, एवढाच फरक, आणि तो मोठा आहे.

पुढच्याच वर्षी सँडी आणि गव्हर्नरचा हुकूम. न्यूयॉर्कमध्ये ग्रेनिच व्हिलेजची हॅलोवीनची मिरवणूक, राल्फ ली या मुखवटे करणाऱ्या कलावंताने सुरू केलेली, एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा रद्द झाली. न्यू जर्सीच्या पोरांनी ५ नोव्हेंबरला खाऊ मागितला, ७ला पुन्हा वादळ आलं आणि बर्फ पडलं. म्हणजे ख्रिस्तींनी काढलेला मुहूर्त नेमका दोन संकटांच्या मधला होता. भटजींनाही जमलं नसतं.

तिथीवर फार बोलायचा हक्क आम्हालाही नाही म्हणा. इथल्या मराठी मंडळाची दिवाळी शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी असते, आणि गणपती दीड दिवसाचा असला तरी शनिवार-रविवार गाठूनच येतो. एकदा तर दिवाळीचा कार्यक्रम आणि हॅलोवीन एकाच शनिवारी आले आणि अर्धी पोरं स्पायडरमॅन होऊन फराळाला बसली. तारीख सोयीने हलवण्यात आम्ही कोणत्याही गव्हर्नरच्या पुढे आहोत. फक्त आम्ही ती हवामानासाठी हलवत नाही. हॉल मिळाला की हिमवादळातही चकल्या येतात.

२०१९ साली प्रकरण हद्दीला गेलं. ३१ ऑक्टोबरला शिकागोत ३.४ इंच बर्फ पडलं, हॅलोवीनच्या दिवसाचा तिथला विक्रम. इंडियाना आणि ओहायोतल्या कितीतरी गावांनी वाऱ्यापावसाच्या अंदाजावरून आदल्या दिवशीच तारीख बदलली. आणि कॅनडात, माँट्रियालच्या महापौर व्हॅलेरी प्लांट यांनी जाहीर केलं, की पाऊस आणि वारा येतोय, हॅलोवीन १ नोव्हेंबरला करा. माँट्रियाल! जिथली पोरं स्नोसूट घालूनच जन्माला येतात. लोकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली, आम्हीही दुकानात हसलो. एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, पावसासाठी हॅलोवीन हलवला तर आमच्याकडे तो जुलैत करावा लागेल. पण वादळ आलं ते खरंच आलं, आणि क्वेबेकमध्ये जवळजवळ दहा लाख जोडण्यांची वीज गेली. महापौरबाईंचा अंदाज चुकला नव्हता. लोकांना राग आला तो अंदाजाचा नव्हे, परवानगीचा. आपल्या दारातला दिवा लावायचा की नाही हे दुसऱ्या कोणी सांगावं, तेही आदल्या दिवशी, हे त्यांना झोंबलं. काही घरांनी दोन्ही रात्री दिवे लावले, आणि शहाण्या पोरांनी दोन्ही रात्री पिशव्या भरल्या.

आमचं दुकान आता नाही. पोशाख ऑनलाइन येतात, चित्रातल्या पोराच्या मापाचे, आणि अजूनही ते पोर हिरवळीवर उभं असतं. शेजारची नवी सून मागच्या ऑक्टोबरमध्ये असाच एक युनिकॉर्न घेऊन आली, म्हणाली, काकू, जाकिटावरून चढत नाही. बघितलं तर आत माया म्हणून काही नाहीच, सूतभर. बगलेत तुकडे घालून दिले.

हवामानाने तारीख हलवल्याचा माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र डी मॉइनचा. १९३८पासून तिथली पोरं ३० ऑक्टोबरलाच खाऊ मागत आली. २०२४ साली ३० तारखेला वादळी पावसाचा अंदाज निघाला आणि शहराने कार्यक्रम एक दिवस पुढे ढकलला. पुढे म्हणजे ३१ ऑक्टोबरला. खोड्यांच्या भीतीने सरकवलेला हॅलोवीन शहाऐंशी वर्षांनी पावसाच्या भीतीने परत आपल्या तारखेवर आला. त्या रात्री थंडी होती असं तिथली माझी मैत्रीण सांगते, आणि तिच्या दारात आलेल्या पोरांपैकी निम्म्यांनी तोच एक भुताचा विनोद सांगितला.